पल्लवी नेपाळात काय करून राह्यली

१४ जुलै, रविवार
पल्लवीले सकाळपासून तीन डाव फोन लावला. उचलला नाही. चार वाजता तिचाच आला. म्हणे, क्लास होता आई. म्हटलं, आज रविवार हाय. म्हणे, इथं रविवारी राह्यते क्लास. मी बरं म्हटलं, पन मनाले पटलं नाही. पोस्ट बंद, बँक बंद, शाळा बंद, अन् डॉक्टरकीचं कॉलेज तेवढं चालू. अन् काल शनिवारी दुपारी बोलली तं आवाजात झोप होती.
ह्यांले सांगतलं. तर हे म्हणे, तू पोलिसात भरती व्हायले पाह्यजे होतं. हसले अन् डवरा घेऊन वावरात गेले. बाप असा अन् लेक नेपाळात. तीन वर्सं झाले तिले जाऊन. कोणी तरी लक्ष ठेवाले पाह्यजे, मंग मीच.

१७ जुलै, बुधवार
निंदनाच्या बाया सांगाले माही जाऊ कांता आली. बायायचं राहून गेलं, तासभर बसून ढाणकीची गोष्ट सांगतली. तिचं माहेर ढाणकी. तिथला एक पोरगा बाहेरदेशात डॉक्टरकीले गेलता. बापानं गावभर पेढे वाटले. पोरानं सहा महिन्यात कॉलेज सोडलं अन् दोन वर्सं हॉटेलात काम केलं. घरी फोन लावाचा असला की अंगात पांढरा कोट घाले.
म्हटलं, मले काहून सांगून राह्यली. म्हणे, असंच. असंच कोणी काही सांगत नाही.
संध्याकाळी प. ले म्हटलं, व्हिडिओ लाव. लावला. अंगात पांढरा कोट होता.
कांताची गोष्ट ऐकली नसती तं आज मले किती बरं वाटलं असतं.

२२ जुलै, सोमवार
शेजारची गंगाबाई पाय घेऊन आली, सुजलेला. म्हणे, तुह्या डॉक्टरनीले इचार. फोन लावला. प. नं धा प्रश्न इचारले. दाबल्यावर खड्डा पडते का, एकच पाय का दोन्ही, लघवी कशी होते, दम लागते का. मंग म्हणे दवाखान्यात न्या, दारव्ह्याले, आजच न्या. गोळीचं नाव सांगतलं नाही. म्हटलं, एक तं सांग. म्हणे, आई, मी अजून डॉक्टर नाही.
आमच्या इथला कंपाउंडर पाय न पाह्यता तीन गोळ्या सांगते. ही पोरगी तीन वर्सं शिकून एक सांगत नाही. गंगाबाईनं माह्याकडं पाह्यलं.

२८ जुलै, रविवार
बँकेनं शुक्रवारी प. चं कॉलेजचं पत्र मांगतलं, कर्जासाठी, ती शिकते म्हणून दाखल्याचं. तिनं मोबाइलवर पाठवलं. दुकानातून कागदावर काढून आणलं. इंग्रजी मले येत नाही, पन खाली शिक्का आपल्या अक्षरात. वाचता येते. चौथीपर्यंतच शिकली पन वाचता येते. साल लिहिलं होतं २०८१.
खोटं करावं तं निदान साल तं बरोबर टाकावं. ह्यांच्यापुढं आपटला कागद. हे उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं अन् बारीक अक्षरावर बोट ठेवलं. विक्रम संवत. म्हणे, त्यायचं सरकार ह्या सालानं चालते. आपल्या इथं पूजेपुरतं, तिथं शिक्क्यावर.
दिवसभर जिंकल्यासारखे फिरले घरात. साल खरं निघालं. पोरीचं अजून काही निघालं नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार
आज डोक्यात आलं अन् मलेच माही लाज वाटली, आधी काहून आलं नाही म्हणून. बहादूर. बाजारात रात्री शिट्टी वाजवत फिरते तो गुरखा, दर एक तारखेले घरोघरी महिना घ्याले येते. तो नेपाळचाच ना.
ओट्यावर बसवला, चहा देल्ला. इचारलं, तुमच्या तिथं रविवारी कॉलेज राह्यते का? म्हणे, हाँ माताजी, इतवार को सब खुला. छुट्टी शनिवार को. म्हटलं, सगळ्याच ठिकाणी? म्हणे, पूरे देश में. शनिवार को मैं भी माँ को फोन लगाता हूँ.
म्हणजे रविवारचं खरं. शनिवारची झोप बी खरी.
नाव इचारलं. डिल्लीराम म्हणे. पंधरा वर्सापासून गाव त्याले बहादूर म्हणते, मी बी म्हणत होती.

४ ऑगस्ट, रविवार
आज क्लासच्या वेळी फोन लावलाच नाही. पन एक गोष्ट खरी निघाली की सगळ्या खऱ्या होतात असं नाही. बोंड वरून चांगलंच दिसते, अळी फोडल्यावर कळते.

३ सप्टेंबर, मंगळवार
आज तान्हा पोळा. पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार. डिल्लीराम एक तारखेले आला नाही, आज आला संध्याकाळी. मी वाटच पाह्यत होती. त्याले म्हटलं, माह्या पोरीसंग बोल, तुमच्या भाषेत. तिथं राह्यत असन तं बोलंन, नाही तं कळंन. तो म्हणे, माताजी, ये क्या करवा रही हो. म्हटलं, चहा पी अन् बोल.
फोन लावून त्याच्या हातात देल्ला. पह्यले तो हसला. मंग इकडून तिकडून धडाधडा चालू झालं. एवढं नेपाळी आमच्या प. ले येते हे मले माहीत नव्हतं. मी जवळच बसली, कान देऊन. शब्द आपल्यासारखे वाटते अन् हातात येत नाही. मंग तीच बोले अन् डिल्लीराम हुं हुं करे. मधात एक शब्द मले साफ ऐकू आला. फेल.
नेपाळीतलं बाकी काही कळत नाही मले. पन फेल कोणत्याही देशात फेलच असते.
फोन ठेवला. म्हटलं, काय म्हणे. म्हणे, अच्छी है बिटिया, पढ़ रही है. अकरा मिनिटं बोलले. अकरा मिनिटात एवढंच?
लय खोदलं. म्हणे, माताजी, उसने कसम दी है. अन् आजचा महिना न घेताच गेला. ज्यानं काही लपवलं नाही तो कायले महिना सोडून जाईन.

४ सप्टेंबर, बुधवार
सरळ इचारलं प. ले. कितव्या वर्षाले हायेस तू?
तिसऱ्या, आई. तुला माहीत नाही का?
लगेच बोलली. लय लगेच.

२६ सप्टेंबर, गुरुवार
प. म्हणे, दसऱ्याले येत नाही. अभ्यास हाय. मागच्या वर्षी आलती. डिल्लीरामले रस्त्यात धरून इचारलं, दशईले, म्हणजे तुमच्या दसऱ्याले, कॉलेज चालू राह्यते का? म्हणे, माताजी, दशईं में तो पूरा नेपाल घर जाता है, मैं खुद जा रहा हूँ.
अख्खा देश घरी जाते अन् माही पोरगी तिथं बसते. कायले? ह्यांले म्हटलं. हे म्हणे, अभ्यास असन. ह्यांच्यासाठी सगळं असन असते.

१ ऑक्टोबर, मंगळवार
डिल्लीराम निंघाला. त्याच्यापाशी डबा देल्ला. जवसाची चटणी, ज्वारीचे पापड, तिळाचे लाडू. म्हटलं, वाटेत तिचं गाव लागते ना, उतर अन् दे. तो म्हणे, उल्टा रास्ता पड़ेगा. म्हटलं, पडू दे. मंग त्याले म्हटलं, डबा हातात देजो, दारात नको ठेवजो. खोलीत जा. बस. पाह्य.
तो माह्याकडं पाह्यत राह्यला. म्हणे, माताजी, बेटी है आपकी. म्हटलं, म्हणून तं.

१३ ऑक्टोबर, रविवार
प. चा फोन, सकाळीच. रागात. म्हणे, तू माझ्यावर माणूस पाठवला. म्हटलं, डबा पाठवला. म्हणे, डबा कुरिअरनं येत नाही का? म्हटलं, कुरिअरवाला बसून जेवते का तुह्यासंग? म्हणे, डिल्लीरामकाका जेवले. मी केलं, भात अन् वरण. मंग म्हणे, लाडू चांगले होते.
काका म्हणे त्याले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
डिल्लीराम दिवाळी करून आला. ओट्यावर बसला. मी चहा मांडलाच नाही, म्हटलं आधी बोल. होस्टेल पूरा खाली था, म्हणे. खाना बनानेवाला भी घर गया था. ऊपर की मंजिल पे एक ही बत्ती. बिटिया अकेली. किताब सामने, थाली बाजू में, खाना ठंडा. दीवार पे कागज़ चिपकाया था, दिन काटे हुए.
कायचे दिवस? म्हटलं.
परीक्षा के होंगे, माताजी. मैंने नहीं पूछा.
इचारलं नाही. एवढ्या दूर गेला अन् जे इचाराचं ते इचारलं नाही. मंग मी चहा मांडला.

९ नोव्हेंबर, शनिवार
आज तिच्या सुट्टीच्या दिवशी लावला. हे वावरात होते. म्हटलं, भिंतीवर कायचा कागद हाय? म्हणे, कोणता कागद? म्हटलं, पल्लवी, मी चौथी शिकली, पन मूर्ख नाही.
मंग सांगाले लागली. दुसऱ्या वर्षाचा एक विषय राह्यला. मागच्या वर्षी राह्यला, मंग पुन्हा देल्ला, पुन्हा राह्यला. संगच्या पोरी तिसऱ्यात गेल्या, ही मागच्या पोरायसंग बसते. माह्याजवळ तिसरं सांगत होती वर्सभर. पुन्हा पेपर ह्या महिन्यात, पंचवीस तारखेले.
म्हटलं, एकच विषय हाय ना? म्हणे, एकच. पुन्हा इचारलं, एकच? म्हणे, हो. ह्या डावाले उशीर लागला.
म्हटलं, आता नाही निंघाला तं? म्हणे, तं मी घरी येईन आई. चौथ्यांदा बसणार नाही मी. नाही होत माझ्यानं. अन् बाबाले आत्ता काही सांगू नको.
नाही सांगतलं. रात्री हे जेवताना म्हणे, काय म्हणे पल्लवी. म्हटलं, बरी हाय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
बाजारात कांता, गंगाबाई, अजून दोघी. गंगाबाईचा पाय आता बरा हाय, किडनीचं निंघालतं, दारव्ह्याच्या डॉक्टरनं सांगतलं की वेळेवर आणलं. सगळ्यायले सांगत होती, पल्लवीनं पाठवलं म्हणून. कांता म्हणे, कितव्या वर्षाले हाय आता पोरगी?
तिसऱ्या, म्हटलं मी.
लगेच म्हटलं. मलेच कळलं की लय लगेच म्हटलं. कांता वांगे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. पन तिचा हात थांबला. का मलेच तसं दिसलं. आजकाल सगळ्यायचे हात थांबल्यासारखे दिसते.

२४ नोव्हेंबर, रविवार
प. बोलली दोन मिनिटं. उद्या अकराले पेपर, तीन तासाचा. तिथलं घड्याळ आपल्याहून पाव तास पुढं चालते. म्हणजे आपल्या पावणेअकराले बसंन, पावणेदोनले सुटंन. म्हणे, सुटल्यावर मीच लावते, तू लावू नको.
म्हटलं, बरं. देवाले काही बोलली नाही. देवाले सांगावं तं ह्यांच्या कानावर जाते, मोठ्यानं बोलाची सवय हाय मले.

२५ नोव्हेंबर, सोमवार
कापूस येचाले बाया होत्या, मी बी त्यायच्यात. पावणेअकराले मनात म्हटलं, बसली असन. येचत राह्यली. ओटी भरली, गाठोड्यात टाकली, पुन्हा भरली.
सव्वाबाराले फोन वाजला. कमरेले होता. काढून पाह्यला, प. चं नाव.
सव्वाबारा. दीडच तास झालता. बाजूची शेवंता म्हणे, उचल ना वो बाई, लेकीचा असन. मी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला नाही.
पेपर लवकर लिहून झाला असन. असे हुशार पोरं राह्यते, अर्ध्या वेळात उठतात. का पेपर पाह्यला अन् उठून आली. का आत जायलाच भ्याली अन् बाहेरच बसून होती. का पेपरच नव्हता आज, अन् पंचवीस तारीख बी... नाही. डिल्लीरामनं भिंतीवरचा कागद पाह्यला होता. दिवस काटलेले पाह्यले होते. पन कायचे ते त्यानं इचारलं नाही.
पावणेदोन झाले. दोन झाले. तिचा नाही, मी लावला नाही. तीनले बायायले सोडलं अन् घरी आली.
आता साडेपाच. चुलीपाशी लिहून राह्यली, फोन बाजूले. हे वावरातून आले, पाय धुतले, समोर बसले. म्हणे, दुपारपासून फोनकडं पाहून राह्यली, कोणाचा पाह्यजे?
पल्लवीचा, म्हटलं. सव्वाबाराले आलता.
मंग लाव ना.
कशी लावू, म्हटलं. पेपर तीन तासाचा होता.
हे पाणी पीत होते. गिलास खाली ठेवला. म्हणे, कोणता पेपर?
म्हटलं, काही नाही.
उठले नाही. अजून समोरच बसून हायेत. माह्याकडं पाहून राह्यले, जसं मी चार महिने सगळ्यायकडं पाह्यलं तसं.