तू आहे ना खाली?

गुरुवार, १७ एप्रिल

परत तेच. सकाळी अंगणात गाडी पुसता पुसता अमोल फोनवर. आवाज एकदम हळू— "हो, निघून राहिलो. तू आहे ना खाली?" मी पोळ्या लाटत होते, पण कान तिथेच होते. कुणाचा फोन म्हणून विचारलं तर म्हणतो, "साइटचा." साइटचं नाव नूपुर आहे का?

नूपुर म्हणजे अमोलची सिग्नलवाली. हा वर्धा रोडच्या त्या उंच इमारतीवर टॉवर क्रेन चालवतो. केबिन इतकी वर की खालचं काम त्याला दिसत नाही. ती खाली वॉकीटॉकी घेऊन उभी असते— डावीकडे, थांबा, हळू, सोडा. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही असा नियमच आहे म्हणे. म्हणजे दिवसभर माझ्या नवऱ्याच्या कानात ती. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी इतकं बोलले नसेन त्याच्याशी.

आणि डबा! दुपारी तो खाली उतरत नाही, डबा दोरीला बांधून वर जातो. तिथे धुवायला पाणी नाही. मग संध्याकाळी डबा घासून लख्ख कसा येतो? झाकणाला लिंबाच्या साबणाचा वास. आमच्या घरी तो साबणच नाही. मी काही दुधखुळी नाही.

शनिवार, १९ एप्रिल

आज भाजीत मुद्दाम तिखट जास्त घातलं. काही बोलला नाही. डबा घासूनच आला. आग लागो त्या साबणाला!

रविवार, २० एप्रिल

उमरेडला माहेरी गेलो होतो. मिनलताईचं नेहमीचं सुरू— तिचा नवरा बँकेत, एसीत बसतो. मी म्हटलं, माझा अख्ख्या नागपूरच्या डोक्यावर बसतो! केबिनमधला त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला. पहिल्या दिवशी इंजिनीअरने काढला होता, माझ्या मोबाइलवर तोच लावलाय. अमोल मध्येच उठून बाहेर गेला. त्याला कौतुक सोसत नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

आहे. जिवंत आहे. आतल्या खोलीत झोपलाय. मी तीनदा जाऊन बघून आले.

दुपारी शेजारच्या प्रेमिलाकाकू धावत आल्या. "टीव्ही लाव वं, तुह्या नवऱ्याची साइट पेटली." वेल्डिंगच्या ठिणगीने वरच्या मजल्यांवरचं, स्लॅबखालच्या सेंट्रिंगचं लाकूड पेटलं. धूर क्रेनच्या खांबाभोवती. उतरायची शिडी त्याच खांबाच्या आतून जाते, म्हणजे रस्ता बंद. अग्निशमनवाल्यांची शिडी तिथवर पोचेना. वर मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवावा लागतो. माहीत होतं, तरी ऑटोत बसून लावत राहिले.

पोचले तेव्हा तो क्रेनच्या लांब हाताच्या पार टोकाला, लोखंडाला मिठी मारून पालथा पडलेला. इथून केवढासा दिसत होता. मग हेलिकॉप्टर आलं. एक जवान दोरावरून उतरला, त्याला पट्ट्यांत बांधलं आणि दोघं तसेच लटकत वर गेले.

मला पोलिसांनी दोरीच्या अलीकडेच थांबवलं. मी बायको आहे त्याची, म्हटलं. तरी नाही. आणि ती दोरीच्या पलीकडे! वॉकीटॉकी तोंडाला लावून बोलतच होती. तासभर बोलत होती म्हणे. तो तास माझा होता.

शनिवारचं पान आत्ता वाचलं. ते आगीचं वाक्य खोडलं.

बुधवार, २३ एप्रिल

टीव्हीवर सारखी नूपुर. दिसायला बरी आहे. बरी काय, चांगलीच आहे. पत्रकार विचारतात, इतका वेळ त्यांच्याशी काय बोललात? ती म्हणते, "कामाचं." आणि मान खाली घालते. मान कशाला घालायची?

सासूबाई तर विरघळल्याच. "त्या पोरीनं माहं लेकरू धरून ठेवलं." तिला द्यायला साडी काढली— माझ्या भावाने भाऊबीजेला मला दिलेली मोरपंखी! मी अजून घडीसुद्धा मोडली नव्हती. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला? पण जळले. खरंच जळले.

शनिवार, २६ एप्रिल

तो बोलत नाही. जेवतो, पडतो, पंख्याकडे बघत राहतो. आज विचारलंच, "वर असताना तिच्याशी काय बोललास?"

"कामाचं."

मरणाच्या दारात तासभर कामाचं? दोघांचं उत्तरही एकच. ठरवून दिल्यासारखं. रात्री मला रडू आलं. त्याला कळलं असेल, पण कूस बदलली नाही.

सोमवार, २८ एप्रिल

साडी द्यायचं निमित्त मिळालं. कामठीला तिच्या घरी गेले, ऑटो करून. दोन खोल्या, आई यंत्रमागावर कामाला गेलेली. मला बघून नूपुर घाबरली. तिने चहा ठेवला. मोरीत लिंबाचा साबण.

मी सरळ विचारलं. काय बोलत होता तो?

ती म्हणाली, "तुमचाच निरोप देऊन राहिले होते, वहिनी. तिले सांग, तिले सांग, येवढंच. मी आयकलाच नाही."

"का?"

"भाऊंनी निरोप दिला असता तर हात सोडले असते. म्हणून रागावली मी. म्हटलं, घरचं बोलाचं नाही, कामाचंच बोला. डावा हात पुढं घ्या. थांबा. आता गुडघा. बाकीचं खाली या अन् तुम्हीच सांगा तिले."

असं एकेक हात सरकवत तिने त्याला धुरातून टोकाला नेलं. रोज लोखंड नेते तसं. भाऊ म्हणाली. भाऊ काय, लोक काहीही म्हणतात.

डब्याचं विचारलं तर तिचा चेहरा उतरला. "ते भाऊले विचारा."

साडी ठेवली आणि निघाले. ऑटोत मला राग तिचा यायला हवा होता, पण आला अमोलचा. निरोप माझा होता. तो खाली येऊनही मला मिळाला नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

मिळाला निरोप. भिंतीकडे तोंड करून दिला.

"मले वर भेव लागते. पहिल्या दिवसापासून. वर घास उतरत नाही, डबा तसाच खाली सोडतो, ते पोरगी खाते अन् घासून देते. सकाळी ते खाली आहे म्हणते, तवा माहा पाय शिडीवर पडते. तुले कोन्या तोंडानं सांगू?"

मी जवळ बसले. पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "आता उमरेडले काय सांगशीन?"

मोबाइलवरचा तो फोटो आधी काढून टाकला.