मोटार पाणी धरते तेव्हा

कोल्हापूर
४ डिसेंबर २०२४

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

हिला हसवू नको रे बापू, ओठ निळे पडतात तिचे, असं अव्वा एकदा तुला म्हणाली होती. मी सहा वर्षांची असेन. मळ्यातली पाण्याची मोटार सुरू होताना धरलेलं पाणी सोडून द्यायची. तिचं ते घरघरणं, खोकणं, शेवटी फुस्स करून बसणं तू तोंडानं हुबेहूब काढायचास आणि मी हसत हसत बांधावरच बसकण मारायचे. अव्वा बोलली त्या दिवसापासून तू तो आवाज बंद केलास. पुढं माझं ऑपरेशन झालं, मी शाळेत पळायला लागले, तरी काढला नाहीस.

परवा डॉक्टर तपासणीचा रिपोर्ट समजावून सांगत होते, तेव्हा मला तोच आवाज आठवला. जन्मतः अरुंद असलेली वाट मोकळी करताना फुप्फुसाकडची झडप त्या लहानपणीच्या ऑपरेशनात कापावी लागली होती. आता वर गेलेलं रक्त परत खाली येतं. मोटारीच्या पाइपाच्या तळाशी चढलेलं पाणी अडवणारा फूट व्हॉल्व्ह असतो ना, तसा माझा गळतोय अण्णा, दुसरं काही नाही. पण फार दिवस थांबलं तर हृदय थकेल म्हणाले.

नवी झडप बसवायची आहे. एक गाईच्या हृदयावरच्या आवरणाची, तयार मिळते. दुसरी कृत्रिम, कागदाहून पातळ अशा पांढऱ्या पडद्याची. ती सर्जन तिथंच मापानं कापून शिवतात. जन्मभराची कुठलीच नाही, आणि मला दोन्ही चालतील, असं डॉक्टर म्हणाले. निवड माझ्यावर सोडली आहे. गाईची घ्यायला मन धजत नाही. अव्वा उंबऱ्यातल्या मुंग्यांना पीठ घालायची, तिची मी लेक. आदिती चिडते, म्हणते मम्मी, जिवापुढं कसलं आलंय हे. तिचं खरंही असेल. पण घरात मोठा तू आहेस, तूच सांग. फोनवर विचारलं असतं, पण माझा दम ऐकला की तू नुसता हं हं करतोस.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी पत्रातूनच रागव.

तुझी,
चंदना


कुरुंदवाड
११ डिसेंबर २०२४

चि. चंदनास, आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून मुंगीच्या पायागत हाय. तुझ्या वहिनीला चष्मा लावून वाचाय बसवली. इकडं ऊस तुटायला आलाय, तोडणाऱ्या टोळीचा पत्ता न्हाय.

पाप-पुण्याचं मला विचारतीस व्हय? मी दिवस मावळायच्या आत जेवतो, तो नेम माझ्या पोटापुरता. तुझ्या काळजाला तो लावू नको. आपल्या फूट व्हॉल्व्हात वडलांच्या काळापासनं चामड्याचं वायसर होतं. त्याच पाण्यावर आपण वाढलो, तवा कुणी काय म्हणालं न्हाय. आता मी रबराचं घालतो, त्येबी पाणी अडवतंय. डॉक्टरला जे हाताला बसतंय ते घालू दे. पाप लागायचंच असंल तर माझ्या नावावर सांग, थोरला हाय मी. अव्वा असती तर तिनं आधी तुला बघितलं असतं, मुंग्या मागनं.

ऑपरेशनला मी येणार न्हाय. दवाखान्याच्या दारातनंच मी माघारी फिरतो, तुला ठावं हाय. वहिनी येईल. गुळाची ढेप पाठवतोय. आणि त्यो आवाज-बिवाज मी कवाच विसरलोय.

माया हाय ती हायच, कागदावर किती लिहू.

बापूसो


कोल्हापूर
१९ डिसेंबर २०२४

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

गूळ पोचला. आदितीनं निम्मा नुसताच खाल्ला.

मी पांढरी घेतेय. पापाला भिऊन नाही, ते ओझं तू उतरवलंसच. डॉक्टरांनी त्या पडद्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. वजनच लागेना. धुक्याची घडी घालून ठेवावी तसा. आणि तो माझ्या मापानं कापणार, माझ्यासाठीच शिवणार, हे मला आवडलं. हल्ली दुपारी डोळा लागला की आपला नदीकाठ दिसतो. मी पाण्यात उताणी पडलेली असते, छातीत तो पांढरा पदर उघडतो, मिटतो, आणि नदी माझ्यातून वर चढत जाते, मागं वळत नाही. जागी होते तेव्हा थोडा वेळ दम लागत नाही.

ऑपरेशन सात जानेवारीला. नंतर खोकताना, हसताना उशी छातीशी घट्ट धरायची, असं तिथल्या सिस्टरनं बजावलंय. आदितीनं उशी आणून ठेवलीय.

वहिनी फोनवर सांगत होत्या, तू मोटारीजवळ एकटाच उभा राहून तोंडानं काहीतरी घरघर करत होतास आणि म्हैस बुजून दाव्याला हिसडे देत होती. विसरलेल्या माणसाला बरं जमतंय.

तर मागणं एवढंच. ऑपरेशनला येऊ नको, पण मी उठून बसायला लागले की ये. आणि तो आवाज काढ. फुस्स होऊन बसायचा नव्हे, पुढचा. खोकणं थांबतं, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग मोटार पाणी धरते, तो. तो तू कधीच काढला नाहीस, तिथवर यायच्या आधीच मी खाली बसलेली असायचे. टाके उसवतील म्हणून तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला. मी उशी दोन्ही हातांनी धरीन. येशील?

तुझी,
चंदना