लगोरीची कॅसेट

मुलुंड,
२४ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझ्या घरून चहा न घेता निघाले, कारण आणखी थांबले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं. ते आज लिहिते आहे, म्हणजे तुला मधे बोलता येणार नाही.

अरे, कॅसेटवर तुझ्या लेकीच्या, उत्तराच्या, अक्षरात ‘लगोरी’ लिहिलेलं होतं. ती तू टेपमध्ये लावलीस, किर्र कुईं आवाज आला, म्हणून टेप बिघडली असं ठरवलंस आणि त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर तुमच्या त्या मार्तंडरावांच्या भजनी मंडळाची काकड आरती भरलीस. तो किर्र आवाज म्हणजेच उत्तराचा गेम होता! कॉम्प्युटर बंद केला की त्यातलं सगळं जातं, म्हणून ते कॅसेटवर साठवायचं, हे मी तिला तुझ्यासमोर समजावलं होतं. तू तेव्हा पेपर वाचत होतास.

दिवाळीची अख्खी सुट्टी पोरगी त्याला चिकटून बसली होती. बारा वर्षांची मुलगी स्वतः प्रोग्रॅम लिहून टीव्हीच्या पडद्यावर लगोरी खेळवते, हे मरोळला आमच्या ऑफिसात कुणाला खरं वाटेना. आणि तू काल हसत म्हणालास, खेळच तो, पुन्हा करेल. मुलगा असता तर असंच म्हणाला असतास का?

जिथे कष्टांची किंमत नाही तिथे माझा कॉम्प्युटर राहणार नाही, म्हणून टीव्हीची वायर काढून पिशवीत घालून आणला. तू येऊन माफी मागेपर्यंत तो इथेच राहील. वहिनीला नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

तुझी,
सुलक्षणा


बोरिवली,
२७ नोव्हेंबर १९८६

चि. सुलूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वहिनीनेही वाचलं आणि दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. तेवढं तुझं काम झालं.

मला काय स्वप्न पडलं होतं, त्या किंचाळण्यात गेम आहे म्हणून? मला वाटलं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी असतील आणि टेपची वाट लागली. तू एवढी कॉम्प्युटरवाली, मग दुसरी कॅसेट का भरून ठेवली नाहीस? ऑफिसात असंच करता का?

रविवार आला की आमचा टीव्ही तुमच्या ताब्यात. सिनेमा बघायला आलेले शेजारीपाजारी दारातून परत जातात, मी माझ्याच घरात गॅलरीत बसतो. कधी तक्रार केली? आणि ते मुलगा-मुलगी माझ्या तोंडावर फेकू नकोस. तुला इंजिनिअरिंगला घालायला नानांशी कोण भांडलं, ते जरा आठव.

आणखी एक. गेम गेल्याचं कळलं तेव्हा उत्तरा रडली नाही, नुसती हं म्हणाली. रडली ती तू कॉम्प्युटर घेऊन जिना उतरलीस तेव्हा. आता ती माझ्याशीही बोलत नाही. तुला माफी हवी असेल तर इथे येऊन घे, मी मुलुंडला येणार नाही.

तब्येतीला जप. राग उतरला की कळव.

तुझा दादा,
श्यामसुंदर


बोरिवली,
३० नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
उत्तराचा शि. सा. न. (आई म्हणाली, राग आला असला तरी नमस्कार लिहायचा असतो.)

तू आणि बाबा माझ्यावरून भांडताय आणि मला कुणी काही विचारतच नाही.

लगोरी गेली त्याचं मला काही वाटलं नाही. ती माझी नव्हतीच. मी एक ओळ टाइप केली की तू म्हणायचीस, असं नाही गं, सरक, आणि पुढच्या सगळ्या ओळी तूच मारायचीस. मला लगोरी फुटल्यावर दगड वर आभाळात उडायला हवे होते. तू म्हणालीस, दगड खाली पडतात. मी दूध प्यायला गेले तेवढ्यात तू ते खाली पाडलेस. आणि ऑफिसात सांगितलंस, उत्तराने केलं! बाबांनी वर आरती भरली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं.

आता मी माझा गेम लिहिलाय, बाबांच्या ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर. गच्चीवर पापड वाळत घातलेत आणि कावळे येतात. पडद्यावर इंग्रजी ओ म्हणजे पापड, व्ही म्हणजे कावळा. हाकललं की कावळा उडतो, पण पापड घेऊनच. तू म्हणशील, असा खेळ जिंकता येणार नाही. न येऊ दे. पण तो चालतो का, हे कागदावर कसं कळणार? चूक बाबांची, आणि शिक्षा मला का?

कॉम्प्युटर परत आण. मग लोभ करीन.

उत्तरा


मुलुंड,
३ डिसेंबर १९८६

चि. उत्तरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, कान उपटावा कार्टीचा. माझे सगळे रविवार तुला दिले आणि वर हे ऐकायचं! पत्रात कुठे खोटं सापडतंय का ते पुन्हा पुन्हा शोधलं. सापडलं नाही, म्हणून आणखीच राग आला. तो अजून आहे.

रविवारी कॉम्प्युटर घेऊन येते. तुझ्या बाबांशी बोलणार नाही, तसं त्याला सांगून ठेव. वहिनीला म्हणावं, जेवायला आहे.

वर जी जागा काळी झाली आहे, तिथे मी तुझे कावळे कसे उडवायचे ते लिहिलं होतं. ते खोडलं आहे. उजेडात धरून वाचू नकोस.

तुझी,
आत्या