ट्युबा गप्प बसल्या त्या सामन्यात

डॅल्बी, टेक्सस
रविवार, चर्चहून आल्यावर

ती. ओलेटा आत्यास रोवेनाचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम तू कुत्र्याच्या पायाला लावतेस असं कळलं. कुत्रा हल्ली चांगला पळतो, तेव्हा औषध गुणाचं असावं. पीचचा मुरंबा पोचला, बरणी धुऊन ठेवली आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत असते, पण ते खोटं होईल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. शुक्रवारच्या सामन्याला तू होतीस, पण गर्दी टाळायला लवकर निघालीस (असं तू म्हणालीस), म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

शाळेच्या फुटबॉलबद्दल बँडची बाई म्हणून माझं मत तुला ठाऊक आहे. आमच्या कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर पोरं चेंडू बगलेत मारून एकमेकांच्या अंगावर पडतात, त्याला फुटबॉल म्हणतात. (आमचा संघ या हंगामात एकदाच जिंकला, तोही समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून.) तर सँडी फोर्कच्या शाळेनं जिल्ह्याच्या मंडळाकडे तक्रार केली, की त्यांचा पोरगा पुढची चाल कळवायला खुणेचे आकडे ओरडून सांगतो तेव्हा आमचा बँड वाजतो, बाकीच्यांना ऐकू येत नाही आणि ही काही खिलाडूवृत्ती नव्हे. आता नियम आहे आणि मी तो पाळते. समोरचे चेंडूवर ओणवे झाले की मी मूठ वर करते आणि बँड थांबतो. ट्युबा तेवढ्या जरा उशिरा थांबतात. एवढ्या मोठ्या पितळी वाद्यात एकदा फुंकलेला सूर पोरीनं परत गिळायचा कसा? पण मुख्याध्यापक पर्डींनी फर्मान काढलं, "रोवेनाबाई, चेंडू त्यांच्याकडे असेपर्यंत साधी टिपरीसुद्धा ढोलाला लागता कामा नये." मी विचारलं, "मग आम्ही तोवर काय करायचं?" तर म्हणाले, "खेळ बघा." इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता.

बघितला बाई खेळ. बँड गप्प बसला आणि आपलं गाव ऐकू यायला लागलं. डॅल्बीच्या लोकांना बँडच्या आवाजाखाली बोलायची सवय. आवाज गेला तरी तोंडं चालूच राहिली. दातांचे डॉक्टर हॅगड समोरच्या एका पोराला म्हणत होते, "ये इकडे, दाढा फुकटात काढून देतो!" आपल्या पाद्रीबाई (मुंगीला बाजूला सारतानाही माफी मागणाऱ्या) आमच्याच प्रशिक्षकाच्या आईचा उद्धार करत होत्या. ती आई शेजारीच नाचोज खात बसली होती. तिनंही मग काही बाकी ठेवलं नाही. एवढ्यात रेफरी लमारनं आमच्याविरुद्ध निर्णय दिला आणि ट्युबांच्या पुढच्या ओळीतून एका बाईचा आवाज आला, अगदी खणखणीत: "अरे लमार, तुझ्या बापाला गाय कोणती आणि बैल कोणता ते कळत नव्हतं, तुला रेघ कुठून दिसणार!" लमारनं शिट्टी फुंकली, दंड म्हणून आम्हाला पंधरा यार्ड मागे ढकललं आणि पुढच्याच डावात त्यांनी गुण केले. सामना गेला. (तो जाणारच होता, पण आता जायला कारण मिळालं.)

आता मंडळाचं पत्र आलं आहे. ज्या व्यक्तीनं ते उद्गार काढले तिनं गुरुवारपर्यंत लमारची माफी मागावी, नाहीतर शेवटच्या सामन्याला डॅल्बीच्या बँडनं घरी बसावं. बँडनं! जो त्या वेळी मुकाट्यानं बसलेला एकटाच होता! त्या सामन्यात बारावीची मुलं आईबापांचा हात धरून, आपापली वाद्यं घेऊन मैदान ओलांडतात. ट्युबावाली डेलिया त्यांच्यातली. तिचा बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो. त्यानं पोरीला मैदानात वाजवताना अजून एकदाही ऐकलेलं नाही आणि या शुक्रवारसाठी त्यानं भांडून रजा मिळवली आहे. काल ती मला विचारत होती, "बाई, बाबांना येऊ नका म्हणून कळवू का?" मी घरी येऊन रडले.

पर्डी घरोघर चौकशी करत फिरताहेत. आवाज कुणाचा ते कळलं नाही, असं सगळं गाव शपथेवर सांगतं. तसं आपलं गाव चांगलं आहे.

गुडघ्याला जप.

तुझी भाची,
रोवेना

ता. क. पाठीमागे लमारचा फोन नंबर लिहिला आहे. फोन तू उचलत नाहीस, पण तुला करता येतो हे मला ठाऊक आहे. माफी दोन वाक्यांत माग. तिसरं वाक्य बोलू नकोस. त्याच्या बापाबद्दल तर मुळीच नको.

आणखी एक ता. क. "मी नव्हतेच ती" असं उलट टपाली कळवू नकोस. आज अकरा वर्षं मी तुझी जागा बरोबर ट्युबांच्या पुढे राखते, ती तुला बँड आवडतो म्हणून नव्हे. या शुक्रवारीही तिथेच बस. रेफरी पुन्हा लमारच आहे. मी डेलियाला सांगून ठेवलं आहे, की ओलेटा आत्या उठून उभी राहिली की माझ्या मुठीकडे बघत बसू नकोस, फुंक.