बिलकूल पू नाही

१२ जुलै
बाळाची नाळ अजून पडली नाही. थोरल्या गौरीची आठवड्यात गळली होती, याले महिना होत आला. बेंबीभोवती लालभडक, ताप बी हाये. आत्या म्हने, "माया भावाच्या घरची ना तू, तुमचं सगळं उशिरानंच." बापाची सख्खी बहीण सासू झाली की असं. भाचीचे लाड गेले, सुनेचा मान काही आला नाही.

१५ जुलै
आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या डॉक्टरनं अकोल्याले धाडलं. भरती. तिथल्या मॅडमनं विचारलं, पू किती येतो? मी आपली तोऱ्यात, "बिलकूल नाही मॅडम. लय साफ ठेवते मी." त्यांनी पेन खाली ठेवला. मायबाई, मले वाटलं शाबासकी देतीन.

१६ जुलै
रक्तात पांढऱ्या पेशी ढिगानं. मी म्हटलं, मंग बरंच ना? मॅडम म्हने, पेशीच्या अंगावर चिकटायला हुक असतात, इंटिग्रिन म्हणतात. बाळाचे ते बनतच नाहीत. म्हणून पेशी नसेच्या भिंतीला धरत नाहीत, जखमेपर्यंत येत नाहीत. एखादी आलीच तर तिला जंतू धरून गिळता येत नाही. या लढाईत मेलेल्यांचाच पू होतो. लढाईच नाही तर पू कुठून?
मेडशी फाट्यावरून यष्टी भरून जाते न् थांबतच नाही, तसं.

२४ जुलै
पुढचा रिपोर्ट. तेच निघालं. मॅडमनं विचारलं, नात्यातलं लग्न का? आत्या छाती फुगवून, "माया सख्ख्या भावाची पोरगी. बाहेरची नाही केली." मॅडम म्हने, नवरा-बायको दोघांत अर्धा अर्धा दोष, एकाच आजा-आजीकडून आलेला. बाळात पुरा झाला.
व्हरांड्यात आत्या सुरू. "तुयाच रक्तात होतं."
"आत्या, तुमचं न् मायं रक्त एकच हाये. मले मागून कोनं आनलं?"
आमचे हे भिंतीवरचं पोस्टर वाचून राह्यले होते. जसं काही यांचं लेकरूच नाही.

१९ ऑगस्ट
नागपूर. इलाज एकच, दुसऱ्याचा बोन मॅरो. गौरीचा जुळला नाही. आमचा दोघांचा नाही, आत्याचा नाही, दिराचा नाही. डॉक्टर म्हनले, नात्यातलं अजून कोणी? तुमच्यात जुळायची आशा जास्त. वा! नात्यानंच मारलं, आता नात्यानंच तारावं. राह्यली रंजू, मायी लहान बहीण.

२१ ऑगस्ट
बाबाले फोन केला. रंजूचं कारंज्याले जमलं हाये, दिवाळीनंतर लग्न.
"तिले दवाखान्यात नेऊ नको. सोयऱ्याईले कळलं तं म्हनतीन, घरातच बिमारी हाये. पोरगी घरात बसन."
"न् माया पोरगा?"
"तुले दुसरा होईन."
दुसरा! आमच्याच दोघांच्या रक्ताचा! फोन मीच कापला. मले बहिणीच्या घरी देतानी या माणसानं एक शब्द विचारला नव्हता.

२५ ऑगस्ट
रंजू आली. माहेरून, मेडशीहून एकटीच, घरी मैत्रिणीचं नाव सांगून. बाळाले पाह्यलं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुयात बी तो अर्धा दोष असू शकते, तुले काही होत नाही, पण सोयऱ्याले हे कोन समजावन?
म्हने, "ताई, लवकर रक्त काढाले सांग. दुपारची गाडी पकडा लागते."
सुई टोचली तवा माया हात घट्ट धरला तिनं. बोटं अजून दुखून राह्यली.

१० सप्टेंबर
रिपोर्ट उद्या. बाळाच्या कानामागं नवीन फोड, काळा, कोरडा. औषधं बदलली. डॉक्टर आता वेळ सांगत नाहीत, नुसते पाहून जातात.
रंजूचं जुळलं तं बाबाले सांगाच लागते. तिले इथं राहा लागते, न् कारंजेवाल्याईच्या कानावर जातेच. नाही जुळलं तं तिचं लग्न धूमधडाक्यात, न् मी लेकरू मांडीवर घेऊन...
आत्ता तिचा मेसेज. "ताई, काय होईन?"
लिहिलं, देवाच्या हाती.
साफ खोटं. देवाले मी सकाळीच मागून बसली. जुळू दे. तिचं मोडलं तं मोडू दे.