बाबांनी लावलेला फोन

हॅम्बर्ग, ऑक्टोबर २०१६

तीर्थरूप बाबा,
सप्रेम जय भीम.

हिपॅटायटिस बीमुळे तुम्हाला लिव्हरचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही आधी आम्हा भावंडांना फोन लावलात. "लाज कसली? रक्त तपासून घ्या."

माझ्याही रक्तात तो विषाणू निघाला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरू झाली. यावेळी दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. एमआरआयनंतर ती कॅन्सरचीच ठरली. डॉक्टरांनी लिव्हरचा तेवढा भाग काढला.

"इतक्या लवकर क्वचितच सापडतो. तपासायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी," मी अभिमानानं सांगितलं.

हे पत्र मी टाकणार नाही. आजार आपल्याकडूनच पोरीला गेला, असं वाटून तुम्ही जेवण सोडाल. तुमच्यामुळे मी वाचले, हे डिसेंबरात नागपूरला येऊन, तुमचा हात धरूनच सांगेन.

तुमची,
धम्मदीपा