गाण्याची डावी बाजू

४ नोव्हेंबर, मंगळवार

कळंबच्या रिसॉर्टवाल्याचा पुन्हा फोन. 'मॅडम, शनिवारी या, पब्लिकला मजा आली पाहिजे.' विचारलं, माझी स्वतःची गाणी चालतील? म्हणे, 'घाला की दोन मध्ये. जेवण लागताना.'

जेवण लागताना! म्हणजे लोक पापलेटाचे काटे काढत बसणार आणि मी त्यांच्यासमोर काळीज काढून ठेवायचं. नाही म्हणून सांगितलं. तर म्हणतो, 'ॲन्सेल्म सर तर हो म्हणाले!'

म्हणणारच. ॲन्सेल्मला 'नाही' हा शब्द येतच नाही. लग्न, बारसं, चर्चमधली नोव्हेनाची प्रार्थना, गावच्या सणाचा ऑर्केस्ट्रा, कुठेही गिटार पाठीला अडकवून हजर. दिवसा शाळेत गणित शिकवतो, संध्याकाळी जो बोलावेल त्याच्याकडे. आमची जोडी आहे म्हणे. गाणी माझी, आवाज माझा, गिटार त्याची. पण जोडी म्हणायला दोघांना एकच वेड लागतं!

८ नोव्हेंबर, शनिवार

रेकॉर्डिंग. खिडकीला दोन गोधड्या, पंखा बंद, जयवंतला फ्लश ओढायची बंदी. नवरा असावा तर असा – मुकाट्याने तासभर गॅलरीत बसून राहिला.

पहिलं कडवं असं काही लागलं की स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात वरच्या काकूंचा मिक्सर. मिक्सर थांबला तर सोसायटीचा पंप. पंप थांबला तर खाली भंगारवाला, भोंग्यातून तीच तीच टेप. जयवंत गॅलरीतून म्हणतो, 'त्याला तुझ्यापेक्षा जास्त लोक ऐकतात.'

गॅलरीचं दारही लावून घ्यायला हवं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरं कडवं भाजी चिरताना सुचलं. माझं नेहमी असंच – पेटी पुढ्यात घेऊन बसलं की काही येत नाही, हात ओले असले की हमखास येतं. फोनला कांद्याचा वास. गुणगुणून ठेवलं. संध्याकाळी ऐकलं, चांगलं वाटलं, म्हणून पुसलं. आज चांगलं वाटलेलं उद्या गोडगोड लागतं. पुन्हा आठवलं तर खरं.

वालीवच्या ऑफिसात माल पाठवायची चलनं बनवताना लोक विचारतात, 'काय मग, रील टाकलं का?' रील! तीस सेकंदांत काय होतं? उचकी होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं. गेला.

दुसरं कडवं आठवलं होतं, रेकॉर्डही झालं होतं; मिक्सिंगला बसलो होतो. त्याची गिटार मी नेहमी डाव्या बाजूला ठेवते, पेटी उजव्या, आवाज मधोमध. हेडफोन घातले की डाव्या कानात तो. आणि काय ऐकू येतं? नुसती तारांची खरखर. खालच्या सुरांत काही भरीवच नाही! वाढवलं. खरखर वाढली. आणखी वाढवलं.

ॲन्सेल्मने हेडफोन घातला आणि झटक्यात काढला. 'विनया, अगं डावीकडे किती मोठं केलंयस! कानात घण घातल्यासारखं वाटतंय.'

'मोठं नाही, पोकळ आहे,' मी म्हटलं. 'तुझ्या बोटांत रसच नाही. वरातीत वाजवून वाजवून बोटं जाड झालीत तुझी.'

तो उठला. गिटार पिशवीत भरली. चेन लावली. 'मग दुसरं कोणीतरी बघ,' एवढंच. चहा अर्धा टाकून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. इतकं शांत जाणं हासुद्धा एक आगाऊपणाच!

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोन नाही. मी कशाला करू?

२३ नोव्हेंबर, रविवार

नवा गिटारवाला बघायला गेले, नालासोपाऱ्याला. विघ्नेश नाव. घरात काळा चष्मा. पहिला प्रश्न – 'ताई, तुमचे फॉलोअर्स किती?' दुसरा – 'गाण्यात ड्रॉप कुठे आहे?' म्हटलं, नाही बाबा, माझ्या गाण्यात काही पडत नाही. त्याला विनोद कळला नाही. गिटारीवर स्टिकर इतके की लाकूड दिसेना. वाजवलं तेव्हा कळलं, स्टिकरच बरे.

उठून आले. गाणं ॲन्सेल्मच्याच गिटारीवर पुरं करायचं. रेकॉर्ड तर झालेलंच आहे. त्याच्या रसाची वाट कोण बघतंय?

३० नोव्हेंबर, रविवार

गाणं नेटवर टाकलं. एकटीने मिक्स केलेलं पहिलंच.

खाली लोकांच्या अकला: 'दीदी, माझा एक स्पीकर फाटला का?' 'आवाज छान, पण गिटार अंगावर येते.' एक तर म्हणतो, 'हेडफोन काढून ऐकलं तेव्हा आवडलं.' काढूनच ऐका! भोंग्यावर वाढलेले कान यांचे. वरातीचा डीजे छाती फोडतो तेव्हा नाचतात, आणि एक गिटार जरा पुढे आली की अंगावर येते.

६ डिसेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

वसईत सॅमीचा कॅफे आहे. महिन्यातून एकदा तो आमच्यासारख्यांची नवी गाणी मोठ्या स्पीकरवर लावतो, मग गाणाऱ्याने दोन शब्द बोलायचे. माझं नाव पुकारलं. मी निळी साडी नेसून पुढे उभी. गाणं सुरू झालं आणि डावीकडच्या टेबलावरच्या बाईने दोन्ही हात कानांवर ठेवले. तिचं बाळ किंचाळायला लागलं. सॅमी धावत मशीनकडे. गिटार कमी करायला गेला तर सगळंच कमी झालं. माझा आवाज पण. लोक आधी दचकले, मग हसले.

मी माईक घेतला आणि म्हटलं, 'तुम्हाला ऐकायची सवय नाही.' कोणी हसलं नाही मग.

परतताना रिक्षात जयवंत मनवेलपाड्याच्या वळणावर म्हणाला, 'तू फोन नेहमी उजव्या कानाला लावतेस.'

'मग?'

'काल माझ्याच हातातून घेतलास, डाव्या कानाला नेलास, "हॅलो हॅलो" केलंस आणि बाजू बदललीस. आणि झोपताना तुझ्या डाव्या बाजूने बोललो की तू उत्तर देत नाहीस. मला वाटायचं, मुद्दाम.'

कधी कधी मुद्दामच असतं, असं सांगणार होते. 

१२ डिसेंबर, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण. 'टूं' आलं की दाबायचं. उजवा कान – दाबतेय, दाबतेय, वर्गातल्या हुशार मुलीसारखी. मग बाहेरची मुलगी खुणेने म्हणाली, आता डावा. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. बसले. तिने दार उघडलं. 'झालं मॅडम.'

'अहो, सुरू कधी केलंत?'

तिने कागद हातात दिला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे बोट केलं.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं हाड असतं, ते आखडलंय. हळूहळू आखडतं, म्हणून माणसाला कळत नाही. खालचे सूर आधी जातात. ऑपरेशन करता येतं, बहुतेकांना ऐकू येतं. बहुतेकांना. थोड्यांचं होतं नव्हतं तेही जातं.

घरी आले. जयवंतने न विचारता चहा ठेवला. आज कोणाला नावं ठेवायची ते सुचत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

दारात ॲन्सेल्म! हातात वाळवलेल्या केळ्यांचं, सुकेळ्यांचं पुडकं, गळ्यात लाल मफलर, घरोघरी नाताळची कॅरल गात फिरतोय म्हणे. जयवंतने कळवलं असणार. मी मफलरवर काहीतरी बोलले. तो हसला. खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवली आणि बसला.

ते बघून माझ्या लक्षात आलं. 'तुला माहीत होतं?'

'वाटत होतं. वर्षभर तरी.'

'मग बोलला का नाहीस?'

'तू ऐकलं असतंस?'

मी पुडकं सोडलं. सुकेळं खाल्लं. मग मीच म्हटलं, भीती वाटते. कान पुरता गेला तर? तो म्हणाला, 'मग उजवीकडे बसून वाजवीन. त्यात काय.' आणि उठला. पुढच्या घरी कॅरल होतं.

१९ जानेवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. डोक्याला फडकं, आत कापूस. उलट्या. खोली गरगरते. परिचारिका गाणं गुणगुणत होती, बेसूर. तेवढं उजव्या कानाने नीट कळलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून हेडफोनला डॉक्टरांची परवानगी आहे. हेडफोन घातले. डावीकडचं अगदी बारीक ठेवून तेच गाणं लावलं.

खरखर नाही. खाली अंगठ्याने तो काहीतरी वेगळंच वाजवतोय – माझ्या चालीखालून एक दुसरी चाल, हळू, भरलेली. मी श्वास घेते तिथे ती वर येते, मी गायला लागले की बाजूला होते. जुनी गाणी काढली. सगळ्यांत आहे. एकाही गाण्यात मी एकटी गात नव्हते.

फोन केला. उचलला नाही, मिस्साला वाजवत असेल. निघालेच आहे, चर्चच्या दारात उभी राहीन.